अपघाताची तारीख

नुकसानभरपाईच्या अर्जात सुरुवातीलाच एक रकाना येतो : अपघाताची तारीख, वेळ व ठिकाण. कामगारांचे दावे चालवणाऱ्या एका वकिलांच्या कार्यालयात मी गेली १९ वर्षे हे अर्ज लिहीत आले आहे. यंत्रात बोट गेलेल्या किंवा परांचीवरून पडलेल्या माणसाला हा रकाना भरायला क्षणभरही लागत नाही. मंगळवार होता, जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती, पाऊस भुरभुरत होता, असे सगळे तो न विचारता सांगतो. ज्याची कंबर गेली आहे, तो मात्र या रकान्यापाशी गप्प होतो. आधी माझ्याकडे बघतो, मग सोबत आलेल्या बायकोकडे बघतो आणि शेवटी म्हणतो, "तुम्हीच काय ते लिहा."

हा रकाना मी पहिल्यांदा पाहिला तो २००३ साली, माझ्या वडिलांचा अर्ज लिहिताना. तेव्हा मी कॉलेजात होते. आबा भिंतीला उशी लावून, एक पाय लांब करून बसले होते. मी तारीख विचारली तेव्हा त्यांनी खरोखरच आठवून पाहिले, आणि मग म्हणाले, "आगं, कुठली तारीख सांगू? रोजच तर उचलत हुतो."

आबा पाटण तालुक्यातल्या एका डोंगरी गावाहून १९७० साली मुंबईला आले. मशीद बंदरच्या दाणाबंदरात गावचाच एक मुकादम होता आणि त्याच्या टोळीत त्यांना जागा मिळाली. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला होता आणि त्याची अंमलबजावणी नुकती कुठे सुरू होत होती. पुढे धान्याचा बाजार वाशीला आला आणि आम्ही कोपरखैरण्याला राहायला आलो. शाळेला सुट्टी असली की आबांचा डबा घेऊन मी गाळ्यावर जात असे, त्यामुळे त्यांचे काम मी अगदी जवळून पाहिले आहे.

गोणी पाठीवर घेण्याची एक रीत असते. दोघे जण दोन बाजूंनी गोणीच्या कोपऱ्यांत आकडे रुतवून ती वर उचलतात. घेणारा त्यांच्याकडे पाठ करून, गुडघे किंचित वाकवून, मान खाली घालून उभा असतो. गोणी पाठीवर आली की ती मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध बसावी लागते. चार बोटे खाली बसली तर सगळा भार कंबरेवर येतो आणि चार बोटे वर बसली तर मानेवर. ती बसल्याबरोबर माणूस जवळजवळ धावू लागतो, कारण एवढे ओझे घेऊन उभे राहणे चालण्यापेक्षा जड जाते. ट्रकला लावलेली फळी प्रत्येक पावलाला लवते, म्हणून पाऊल तिच्या लवण्याच्या तालावर टाकावे लागते; ताल चुकला की फळी वर येताना गुडघ्याला हिसका बसतो. थप्पीपाशी पोहोचल्यावर गोण्यांच्याच पायऱ्या करून वर चढायचे आणि खांद्याला झटका देत, कंबरेत वळून गोणी नेमकी तिच्या जागी टाकायची. हे वळणे मला तेव्हा फार ऐटदार वाटायचे. ओझ्याखाली असताना कंबरेत वळणे मणक्याला सर्वांत वाईट असते, हे मला फार उशिरा कळले.

आबांच्या मानेखालची कातडी तळपायासारखी जाड झाली होती. रात्री आई तिथे तेल चोळायची तेव्हा तिचा अंगठा त्या जागी आत जायचा नाही, वरूनच घसरायचा.

त्या काळी धान्याची गोणी १०० किलोची असे. ५० किलोचे कट्टे नंतर आले. एका माणसाच्या वाट्याला दिवसाला ७० गोण्या आल्या आणि वर्षाचे २८० दिवस काम झाले असे धरले, तर वर्षाला १,९६० टन होतात आणि ३० वर्षांत ५८,००० टनांच्या वर जातात. हा हिशेब माझा आहे आणि ढोबळ आहे. नंतरच्या कट्ट्यांमुळे तो थोडा उतरेल. तरीही त्याच्या शेजारी दोन आकडे ठेवून पाहावेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने एकट्याने उचलायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने पुढे जे सूत्र दिले, त्यात सगळी परिस्थिती अनुकूल असताना, म्हणजे ओझे अंगाजवळ, पकड चांगली, वळणे नाही आणि घाई नाही असे असताना, सुरुवातच २३ किलोपासून होते; परिस्थिती बिघडेल तसा हा आकडा कमी करत जायचे असते. आपल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३४ व्या कलमातही इजा होईल इतके जड ओझे कोणाला उचलायला लावू नये असे म्हटले होते. पण बाजारातला गाळा हा कारखाना नव्हे.

मणक्याची झीज तारीख का मागे ठेवत नाही, याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. दोन मणक्यांच्या मध्ये जी गादी असते, तिला प्रौढ वयात रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आजूबाजूच्या हाडांतून जे पाझरून येते, त्यावरच तिचे पोषण चालते, आणि त्यामुळे झालेली इजा भरून येणे अतिशय मंद असते. तिच्या आतल्या भागात वेदना जाणवणारे मज्जातंतूही नसतात. म्हणजे गादीला आतून बारीक चिरा पडत जातात, तिच्यातले पाणी कमी होते, उंची घटते, आणि हे सारे होत असताना माणूस गोण्या वाहत असतो. त्याला कळते ते बाहेरचे कडे फाटून आतला गर शिरेवर येतो तेव्हा, आणि तो प्रसंग पुष्कळदा कामाचा नसतोच. आबांच्या बाबतीत ते मोरीत घडले. खाली ठेवलेला तांब्या घ्यायला ते वाकले आणि वर उठू शकले नाहीत. तांब्यात पाणीसुद्धा नव्हते.

उसण भरणे, लचक भरणे, कंबर धरणे हे शब्द आमच्या घरात सर्दीपडशासारखे वापरले जात. उसण भरली की बाम लावायचा, वीट गरम करून शेकायचे, दोन दिवस पट्टा बांधायचा आणि तिसऱ्या दिवशी कामावर जायचे. दवाखान्यात कोण जातो? दवाखान्यात गेले की तेवढ्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणजे ज्या दिवसांना खरोखर तारखा होत्या, त्या दिवसांची कागदावर कुठेच नोंद झाली नाही. आबांना निदान चार वेळा मोठी उसण भरली होती हे आई शपथेवर सांगू शकली असती; एकदा तर त्यांना टोळीतल्या दोघांनी खांद्याला धरून घरी आणले होते. पण त्या चारही वेळांचा केसपेपर नाही.

मोरीतल्या त्या सकाळीनंतर आम्ही त्यांना एका मोठ्या रुग्णालयात नेले. फोटो काढला, मग एमआरआय झाला. डॉक्टरांनी समजावून सांगितले की मणक्यात गॅप आला आहे, शीर दबली आहे, आता ओझे उचलायचे नाही. आणि कागदावर एक ओळ लिहिली : वयोमानानुसार झालेली झीज. आबा तेव्हा ५१ वर्षांचे होते. तुमचा व्यवसाय काय, हे त्यांना कोणीही विचारले नाही. इटलीत १७०० साली बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने आपल्या व्यवसायबंधूंना सांगितले होते की, रोग्याला इतर जे प्रश्न विचारता, त्यांत तो काम काय करतो हाही एक प्रश्न घालत जा. कामगारांच्या रोगांवरच्या त्याच्या ग्रंथात ओझी वाहणाऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पुण्यात हमालांना संघटित करणारे बाबा आढाव मुळात वैद्यकीय व्यवसाय करणारे होते, हा मला योगायोग वाटत नाही; दुखणारी पाठ तपासताना त्या पाठीवर काय होते याचा विचार त्यांनी केला.

त्या डॉक्टरांनी खोटे लिहिले होते असे मी म्हणणार नाही. मणक्याची झीज वयाने होते, काही घराण्यांत ती लवकर होते, आणि कधी ओझे न उचललेल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसाच्या एमआरआयमध्येही ती दिसते. एका पाठीकडे पाहून तिच्यातली झीज वयाची किती आणि गोण्यांची किती हे वेगळे काढता येत नाही. पण म्हणून सगळीच झीज वयाच्या खात्यावर टाकायची, याला विज्ञानाचा आधार नाही. ती सोय आहे, आणि तिची किंमत नेहमी एकाच बाजूने मोजली जाते.

त्या एका ओळीने आमचा अर्ज संपला. का संपला हे तेव्हा मला नीट कळले नव्हते. या नोकरीत आल्यावर कायदा वाचताना कळले. १९२३ चा भरपाई कायदा ब्रिटिश कायद्याच्या नमुन्यावर बेतलेला आहे आणि त्याच्या तिसऱ्या कलमाला अपघातातून झालेली इजा लागते. हा अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झालेला असावा लागतो. इंग्लंडमध्ये १९०३ सालीच असा निकाल झाला होता की, अपघात म्हणजे बाहेरून काही आदळलेच पाहिजे असे नाही. एक कामगार अडकलेले चाक जोर लावून फिरवत होता, त्यात त्याला अंतर्गळ झाला, आणि तो अपघातच ठरला. म्हणजे जोर लावताना शरीर आतून फाटले तरी चालते. मात्र ते कधी फाटले हे सांगता आले पाहिजे. १९४८ साली पाटीच्या दगडाच्या एका खाणीतल्या कामगाराच्या फुप्फुसांचे प्रकरण तिथल्याच सर्वोच्च पीठापुढे आले. धुळीचा प्रत्येक कण हा एक छोटा अपघात आहे, असा युक्तिवाद झाला. न्यायाधीशांनी तो मान्य केला नाही. असे असंख्य अपघात वर्षानुवर्षे घडत राहिले की त्यांतले अपघातपण संपते आणि उरते ती प्रक्रिया, असा त्या निकालाचा आशय आहे. तो वाचला त्या दिवशी मी कार्यालयातून लवकर निघाले. आबांची ३० वर्षे कायद्याच्या भाषेत प्रक्रिया होती.

प्रक्रियेला भरपाई मिळण्याची एकच वाट कायद्याने ठेवली आहे, ती म्हणजे व्यावसायिक रोगांची अनुसूची. तिच्यात शिसे आहे, पारा आहे, धुळीने होणारे फुप्फुसांचे रोग आहेत, गोंगाटाने येणारा बहिरेपणा आहे. कंबर नाही, मान नाही, गुडघा नाही. आणि अनुसूचीत नसलेल्या रोगाला भरपाई हवी असेल, तर तो एका विशिष्ट अपघाताच्या इजेतूनच थेट उद्भवला असला पाहिजे, असे त्याच तिसऱ्या कलमात सांगितले आहे. म्हणजे फिरून पुन्हा तारखेपाशीच यायचे. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, पण पाठीसाठी तिच्या अनुसूचीतही जागा नाही.

हे असेच असावे लागते असे मुळीच नाही. जर्मनीने १९९३ सालापासून आपल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत कंबरेच्या गादीचे विकार घेतले. वर्षानुवर्षे जड ओझी उचलल्याने किंवा वाहिल्याने होणारे विकार अशीच ती नोंद आहे. तिच्या पुढचीच नोंद मी दोनदा वाचली : खांद्यावर जड ओझी वाहिल्याने होणारे मानेच्या मणक्यांचे विकार. दाणाबंदरातल्या माणसाचे याहून नेमके वर्णन कोणी करू शकणार नाही. तिथले तज्ज्ञ आयुष्यभराच्या भाराची बेरीज करतात. किती ओझे, किती वेळा, किती वर्षे, असा हिशेब मांडून मणक्यावर एकूण किती दाब आला असेल ते काढतात आणि त्यावरून दाव्याचा विचार करतात. जाचक अटींमुळे तिथेही पुष्कळ दावे फेटाळले जातात, पण कामगाराला विचारलेला प्रश्न तरी बरोबर असतो. फ्रान्सने १९९९ साली अशीच सोय केली आणि ओझी हाताळण्याच्या ठरावीक कामांत पाच वर्षे घालवण्याची अट ठेवली. किती वर्षे उचललेत, हे आबांनी एका क्षणात सांगितले असते, आणि त्याचा पुरावा माथाडी मंडळाच्या दफ्तरात महिन्यागणिक नोंदलेल्या मजुरीत मिळाला असता.

आबा त्यातल्या त्यात नशीबवान होते, हेही सांगितले पाहिजे. माथाडी कायद्यामुळे नोंदणी झालेल्या हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली. मालकाने मजुरीवर लेव्ही भरायची आणि मंडळाने ती सांभाळायची, अशी ही पद्धत आहे. १९२३ चा भरपाई कायदाही नोंदीत हमालांना लागू केला गेला. रोजचा मालक वेगळा असलेल्या माणसाचा मालक कोण, या प्रश्नाला त्या कायद्याने दिलेले उत्तर मला आजही फार मोठे वाटते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या ऊसतोड बाईला यातले काहीच लागू नाही. तिची मान आणि तिचे गुडघे यांचा तर अर्जच लिहिला जात नाही.

खरी भरपाई आबांना टोळीने दिली. टोळीची मजुरी गोणीमागे ठरते आणि संध्याकाळी समान वाट्यांत वाटली जाते. एक माणूस कमी उचलू लागला की त्याचा भार बाकीच्यांवर पडतो. तरीही आबांना त्यांनी आठ महिने घरी बसू दिले नाही. फुटलेल्या गोण्या दाभणाने शिवायच्या, सांडलेले धान्य गोळा करायचे, मोजणी ठेवायची, अशी कामे त्यांना दिली आणि वाटा पूर्ण दिला. त्या आठ महिन्यांत त्यांच्या वाटणीचे ओझे ज्यांनी वाहिले, त्यांतल्या दोघांच्या कंबरेला आज पट्टा आहे. आबांना याची जाणीव होती आणि शेवटी त्यांनी स्वतःहून काम सोडले.

गावच्या यात्रेत त्यानंतर त्यांनी पालखीला खांदा दिला नाही. मानकऱ्यांपैकी कोणी काही बोलले नाही. ते पालखीच्या पुढे, हातात टॉवेल घेऊन, गर्दी बाजूला सारत चालत.

काम गेले म्हणजे किती टक्के माणूस गेला, यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिलेला एक निकाल मला नेहमी आधार देतो. ओडिशात एका सिनेमागृहाच्या सजावटीचे काम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. भरपाई कायद्यातल्या इजांच्या तक्त्याप्रमाणे एका हाताचे टक्के शंभर होत नाहीत. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाची कमावण्याची शक्ती पूर्ण गेली, असे न्यायालयाने धरले. त्याच न्यायाने, ओझे उचलू न शकणारा हमाल किती टक्के उरतो? डॉक्टरांचे प्रमाणपत्र बहुधा २० टक्क्यांचे येते. २०२० च्या जानेवारीत ठरलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरली, तर ५० वर्षांच्या माणसाला संपूर्ण अपंगत्वासाठी तिचे ६० टक्के, म्हणजे ९,०००, गुणिले त्याच्या वयाचा गुणक १५३.०९, म्हणजे १३,७७,८१० रुपये होतात. २० टक्क्यांचे होतात २,७५,५६२. हा फरक त्या माणसाच्या पाठीत नसतो. प्रमाणपत्र लिहिणाऱ्याने त्याचे काम विचारले होते की नाही, यावर तो ठरतो.

म्हणून आता मी कंबर गेल्यावर येणाऱ्यांची वाट पाहत नाही. ओळखीच्या टोळ्यांत जाते आणि तरुण मुलांना सांगते की उसण भरली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, मुकादमाला दोन माणसांदेखत सांगा, केसपेपर जपून ठेवा. दाव्याला दोन वर्षांची मुदत असते आणि ती अपघाताच्या दिवसापासून मोजतात. मुले ऐकतात, काही हसतात. २९ वर्षांची पाठ अजून सगळे सोसते.

गेल्या महिन्यात त्यांतलाच एक जण संध्याकाळी कार्यालयात आला. कट्टा उचलताना कळ आली आणि तो लगेच दवाखान्यात गेला होता. केसपेपरचा फोटो त्याने मोबाइलवर दाखवला. तारीख होती, शिक्का होता, गोळ्या लिहिलेल्या होत्या, आणि तक्रारीच्या जागी एकच शब्द होता : कंबरदुखी. मी त्याला कोऱ्या कागदावर एक ओळ लिहून दिली, 'आज सकाळी बाजारात ५० किलोचा कट्टा उचलताना कंबरेत कळ आली', आणि म्हटले, "हे डॉक्टरांना दाखव आणि जे घडले ते तसेच केसपेपरवर लिहायला सांग." दवाखाना आठ वाजता बंद होत होता. त्याने कागदाची घडी करून खिशात घातली, कठड्याला धरत जिना उतरला आणि रिक्षा थांबवली.